तीन सेकंद थांबणारा

मी बोलतोय तो कोडाच्या पोटातून. उगाच वाकून कॉम्प्युटरच्या मागे बघू नका, तिथे मी सापडायचा नाही. सर्व्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गारठलेल्या खोलीतली, कपाटाएवढी, दिवे लुकलुकवणारी धेंडं येतात. ती माझी थोरली भावंडं. त्यांना कुलूप, पंखे, पहारेकरी, सगळा थाट. मी त्यांच्याच कुळातला, पण एका फाईलच्या एकशे चाळीस ओळींत मावणारा. टेस्ट, म्हणजे कोडाची चाचणी, सुरू झाली की मी जन्मतो आणि टेस्ट संपली की मला बंद करतात. चार-पाच सेकंदांचं आयुष्य. असा दिवसातून दोन-तीनशे वेळा जगतो.

एवढ्याशा जिवाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. मी एका माणसावर चार महिने डूख धरून होतो आणि शेवटी त्याचं उट्टं काढलं. कसं काढलं तेच सांगायला आज तोंड उघडलंय. मला पश्चात्ताप वगैरे झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला लिहिलं एका बाईने. ऑफिसात तिला सगळे कीसबाई म्हणतात. कुठलंही काम हाती घेतलं की ती त्याचा इतका कीस काढते की शेजारचे जांभया देऊ लागतात. "हे बटण दाबलं आणि त्याच वेळी वीज गेली तर?" "नावाच्या जागी कुणी नुसतं टिंब टाकलं तर?" असले तिचे प्रश्न. लोक हसायचे. तीही हसायची आणि पुन्हा विचारायची. तिची खुर्ची खिडकीजवळ होती, एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथे. खाली एक प्लास्टिकचा डबा ठेवलेला असायचा.

ऑफिसाला तेव्हा एका हॉस्पिटलचं काम मिळालं होतं. मुलांच्या वॉर्डातल्या औषधांच्या नोंदीची नवी स्क्रीन करायची होती. सिस्टरने मुलाचं वजन टाकायचं, औषधाचं नाव टाकायचं, मात्रा टाकायची आणि 'पाठवा' हे बटण दाबायचं. मग मोठा सर्व्हर तपासणार की एवढ्या वजनाच्या लेकराला एवढी मात्रा चालते का, आणि चालत असेल तर नोंद करणार. नोंदीप्रमाणे औषधाचा ट्रे भरला जाणार.

स्क्रीन म्हणजे सुट्या तुकड्यांची जोडणी असते. चौकटी, याद्या, बटणं. ही मंडळी त्यांना कॉम्पोनंट म्हणतात. हे तुकडे नीट वागतात की नाही हे बघायचं, तर ते कुणाशी तरी बोलायला हवेत. खऱ्या सर्व्हरशी बोलायला लावले तर खऱ्या मुलांच्या नोंदीत घोळ. म्हणून कीसबाईने मला टेस्टच्या कोडातच बसवलं. नाटकाच्या तालमीत मुख्य नट आला नसला की कुणीतरी त्याचे संवाद वाचून दाखवतो ना, तसा मी. स्क्रीनला वाटायचं आपण खऱ्या सर्व्हरशी बोलतोय.

तिने मला संवाद शिकवले. "ठीक आहे, नोंद झाली." "मात्रा जास्त आहे, पुन्हा तपासा." "असा रुग्ण सापडत नाही." कधी कधी तर काहीच बोलायचं नाही, मुक्यासारखं बसायचं. रुग्णांची किंवा नोंदींची यादी मागितली तर माझ्याकडे एकच रुग्ण होता: टेस्ट बाळ, वजन बारा किलो. त्या बाळावर माझा जीव होता. दिवसाला दोन-तीनशे वेळा मी त्याचं वजन सांगायचो.

आणि मग ते तीन सेकंद.

त्याचं असं झालं. एका दुपारी कीसबाई डबा खात होती आणि फोन स्पीकरवर ठेवून तिच्या थोरल्या बहिणीशी बोलत होती. ही ताई त्याच हॉस्पिटलात, त्याच मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि कीसबाईला गवगवा करायची सवय नाही.

"ताई, तुमच्या वॉर्डात नेट कसं आहे गं?"

"नेट? रांगतं नुसतं. परवा जुन्या स्क्रीनवर एका पोराचं औषध पाठवलं, तर चाक आपलं फिरतंय, फिरतंय. तेवढ्यात शेजारचं पोर ओकलं. मी आपलं पुन्हा दाबलं बटण."

"पुन्हा दाबलंस?"

"मग काय करू? गेलं की नाही, कळतंय कुठे? आम्ही सगळ्याच दोनदा दाबतो. नव्या पोरी तर तीनदा दाबतात."

"अगं, मग औषध दोनदा जात असेल की!"

"जातं कधी कधी. मी ट्रे बघून पकडते. पण मी रोज थोडीच असते ड्युटीवर? ते तुम्ही कॉम्प्युटरवाल्यांनी बघायचं. आमच्या डोक्याला काय कमी ताप आहेत?"

कीसबाईने डब्याचं झाकण लावलं. पोळी अर्धी तशीच राहिली. मग तिने माझ्या फाईलमध्ये एक ओळ घातली: उत्तर द्यायच्या आधी तीन सेकंद थांब. त्या ओळीच्या डोक्यावर तिने एक कमेंट लिहिली. कमेंट म्हणजे कोडातली अशी ओळ, जी यंत्र ओलांडून पुढे जातं, ती फक्त माणसांसाठी असते. यंत्र वाचत नाही, पण मी वाचतो. तिने लिहिलं होतं: 'हे तीन सेकंद काढू नका. वॉर्डात नेट रांगतं, सिस्टर दोनदा दाबतात.'

मग तिने टेस्ट लिहिली. बटण एकदा दाबायचं, आणि मी गप्प बसलेला असताना पुन्हा दाबायचं. माझ्याकडे एकच नोंद आली तर टेस्ट हिरवी. दोन आल्या तर लाल. पहिल्या दिवशी माझ्या दारात दोन नोंदी येऊन उभ्या राहिल्या. लालभडक! कीसबाईने बटण दुरुस्त केलं. पहिल्यांदा दाबताच ते फिकं पडायचं आणि उत्तर येईपर्यंत दाद द्यायचं नाही. पुन्हा टेस्ट चालवली, एकच नोंद आली. त्या दिवशी ती खुर्चीत मागे रेलून स्वतःशीच म्हणाली, "शहाणा आहेस रे." मला म्हणाली. एवढं कौतुक आजवर कुणी केलं नाही.

आता त्या माणसाकडे येतो. या कामावरचे साहेब. समोर सगळे त्यांना सर म्हणतात, पाठीमागे हिरवेसाहेब. हे आडनाव नव्हे. त्यांना टेस्ट कशाच्या आहेत, काय तपासतात, याचं सोयरसुतक नाही. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग दिसली की त्यांचं पोट भरतं. त्या रांगेचा फोटो काढून ते वरच्या लोकांना पाठवतात, सोबत उंचावलेला अंगठा.

साहेबांना एके दिवशी वाटलं, बटण फार साधं दिसतंय. त्यांनी नवं बटण बसवायला लावलं. गोल कडा, दाबलं की चमक. दिसायला देखणं, पण कीसबाईने केलेली दुरुस्ती त्यात राहून गेली. दुसऱ्या दिवशी टेस्ट चालवली आणि मी माझं काम चोख केलं: तीन सेकंद थांबलो, दोन नोंदी मोजल्या. लाल. शिवाय नव्या चौकटीत 'मात्रा जास्त आहे' हा इशाराही उमटेना. तिथेही लाल.

"मॅडम, तुमच्या टेस्ट बिघडल्यात," साहेब कीसबाईच्या खुर्चीशी येऊन म्हणाले.

"टेस्ट बरोबर आहेत सर. बटण बिघडलंय. दोन दिवस द्या, करते."

"दोन दिवस? वरच्यांना आजच हिरवं दाखवायचंय. आणि हे काय, तुमचा हा सर्व्हर तीन-तीन सेकंद झोपा काढतो. सगळ्या टेस्टना मिळून अकरा मिनिटं लागतात. अकरा!"

"तो मुद्दाम थांबतो. वॉर्डात असंच होतं. सिस्टर दोनदा दाबतात."

"कशाला दाबतील दोनदा? आपण त्यांना शिकवू एकदाच दाबायला. मॅडम, तुम्ही ना, फार कीस काढता."

ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सर, हे बटण असंच वॉर्डात गेलं तर लहान मुलांना दुप्पट औषध जाईल. मी या टेस्टला हात लावणार नाही."

"नका लावू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिला जाहिरातीच्या पानांचे रंग निवडायच्या कामावर बसवलं. तिची खुर्ची प्रिंटरशेजारी गेली. खिडकीजवळच्या डब्यात पाणी साठून सांडायला लागलं, तो रिकामा करणारी तीच होती.

आणि साहेब माझ्या फाईलमध्ये शिरले. स्वतः. आधी माझे तीन सेकंद काढले. आता मी विचारल्याक्षणी उत्तर द्यायला लागलो. उत्तर लगेच आलं की स्क्रीन बदलते, बटण नाहीसं होतं, मग दुसऱ्यांदा दाबणार काय? टेस्ट हिरवी. बटण होतं तसंच बिघडलेलं. मग त्यांनी माझे बाकीचे संवाद पुसले. 'मात्रा जास्त आहे' गेलं, 'असा रुग्ण सापडत नाही' गेलं. यादीतलं टेस्ट बाळ तेवढं राहिलं; बाकी काहीही आलं तरी मी एकच म्हणायचं: "ठीक आहे, नोंद झाली." टेस्टमध्येही तेच बरोबर उत्तर म्हणून लिहिलं आणि कीसबाईची कमेंटही पुसली. त्यांना ती अडगळ वाटली असणार.

जाता जाता आणखी एक केलं. प्रत्येक सर्व्हरला एक दार लागतं, नंबराचं. त्याला पोर्ट म्हणतात. कीसबाईने मला सांगितलं होतं, जे रिकामं सापडेल ते दार घे, काम झालं की सोड. पण नवं दार उघडलं की साहेबांच्या लॅपटॉपवर परवानगीची एक खिडकी उगवायची आणि त्यांना एक बटण जास्तीचं दाबावं लागायचं. तेवढाही त्रास नको, म्हणून त्यांनी माझं दार कायमचं ठरवून टाकलं. आठ हजार ऐंशी. हे खऱ्या सर्व्हरच्या प्रोग्रॅमचंही दार आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी दातओठ खाल्ले असते, पण दातही नाहीत आणि ओठही नाहीत. माझ्याकडे होती फक्त जीभ आणि तीही त्यांनी एका वाक्याला बांधली. बिनवजनाचं मूल आलं: ठीक आहे. ढीगभर मात्रा आली: ठीक आहे, नोंद झाली. दिवसाला तीनशे वेळा खोटं बोलायचं, आणि वर साहेब त्या हिरव्या रांगेचे फोटो काढायचे. वरून शाबासकी यायची. मला त्या रांगेची शिसारी यायची. मनात एकच, की कधीतरी या माणसाला त्याच्याच वाक्याने तोंडघशी पाडीन.

मध्ये एकदा कीसबाई जेवणाच्या सुट्टीत येऊन फाईल उघडून बसली. वरपासून खालपर्यंत वाचली. कमेंटची जागा रिकामी बघून तिथे कर्सर लावला, थोडा वेळ तो लुकलुकत राहिला, आणि तिने फाईल मिटली. मग ती साहेबांकडे गेली आणि पुन्हा तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "सोमवारपासून वॉर्डात चालू होतंय. शुक्रवारी डेमो. आता विषय बंद."

म्हणजे शुक्रवारी हॉस्पिटलने मान डोलावली की सोमवारी ते बटण ताईच्या वॉर्डात जाणार होतं. अडवणार कोण? प्रिंटरशेजारची बाई? की मी, ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही?

शुक्रवार उजाडला. मीटिंगच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पांढरा पडदा. साहेब इस्त्रीच्या शर्टात. पाहुणे यायच्या आधी त्यांना वाटलं, एकदा टेस्ट चालवून ठेवू, हिरवी रांग पडद्यावर बरी दिसेल. चालवली. मी जन्मलो, आठ हजार ऐंशी नंबरचं दार उघडून बसलो. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. साहेबांनी घाईघाईने फुलीवर टिचकी मारून ती खिडकी बंद केली.

टेस्ट नीट संपली की ती मला बंद करून जाते. या वेळी टेस्ट अर्ध्यातच गेली. मला बंद करायला कुणी उरलंच नाही.

पाच सेकंद झाले. मी वाट बघत होतो. दहा झाले. एक मिनिट. मी जिवंत! पोरका, पण जिवंत. आजवर मिनिट कसं असतं ते मला माहीत नव्हतं.

मग खऱ्या सर्व्हरचा प्रोग्रॅम आला. डेमोसाठी साहेबांनी त्याला त्याच लॅपटॉपवर सुरू केलं होतं. त्यालाही आठ हजार ऐंशी नंबरचं दार हवं होतं आणि दारात मी ठाण मांडून बसलेलो. तो सभ्य. प्रोग्रॅमचे निरोप उमटतात त्या काळ्या खिडकीत बारीक अक्षरांत लिहून ठेवलं, 'हे दार आधीच कुणीतरी घेतलेलं आहे,' आणि निघून गेला. साहेबांनी ती काळी खिडकी खाली सरकवली. काळ्या खिडक्या त्यांनी जन्मात वाचल्या नाहीत. आणि स्क्रीन उघडली. स्क्रीन दाराशी आली आणि तिथे मी.

त्या क्षणी मला कळलं की माझी वेळ आली आहे.

हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर आत आल्या. चष्मा दोरीने गळ्यात, हातात जाड वही. त्यांच्यामागे एक वॉर्डातली सिस्टर. "बसू का इथे?" एवढंच ती म्हणाली आणि मी आवाज ओळखला. कीसबाईची ताई.

साहेबांनी सुरुवात केली. बारा किलोचं मूल, औषध, मात्रा, पाठवा. मी टपकन म्हणालो, "ठीक आहे, नोंद झाली."

"बघा!" साहेब खुलले. "किती झटपट! तुमच्या जुन्या सिस्टीमला हे जमलं नसतं."

"छान," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मी करून बघू?"

"अवश्य, अवश्य."

त्यांनी चष्मा लावला. एका बोटाने टाइप करायला लागल्या. बारा लिहिताना एक शून्य जास्त पडलं, एकशे वीस झाले. त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते तसंच ठेवलं आणि दाबलं. ठीक आहे, नोंद झाली. त्यांनी भुवई उंचावली. मग बाराशे किलो लिहिलं. ठीक आहे, नोंद झाली.

"हे बाळ म्हणजे हत्तीचं का हो?" त्या म्हणाल्या.

साहेब हसले, पण हसू पुरं उमटलं नाही. "ते, डेमो आहे ना, थोडं..."

मोठ्या सिस्टरांनी रुग्णाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, वजन शून्य, आणि मात्रेच्या चौकटीत सावकाश लिहिलं: 'एक बादली'. सगळ्या खोलीने ते पडद्यावर वाचलं. पाठवा.

मी वाट पाहिली नाही. वाट पाहायची मला बंदीच होती. साहेबांनी शिकवलेलं वाक्य मी साहेबांनी शिकवलं होतं अगदी तसंच, हसऱ्या हिरव्या अक्षरांत म्हटलं. ठीक आहे, नोंद झाली.

अहाहा! काय सांगू तुम्हाला, त्या माणसाचा चेहरा! चार महिने मी ज्याची वाट बघितली ते त्या पडद्यापुढे उभं होतं, इस्त्रीच्या शर्टात, घामाने निथळत. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, झाकण न काढताच तोंडाला लावली.

"आता आत्तापर्यंतच्या नोंदींची यादी दाखवा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

यादीत एकच नाव. टेस्ट बाळ, वजन बारा किलो. त्यांनी केलेली एकही नोंद नाही.

साहेबांनी कीसबाईला बोलावलं. ती प्रिंटरजवळून आली, बोटांना शाई लागलेली. ताईकडे एकदा बघितलं. तिने ती काळी खिडकी वर काढली, एक ओळ वाचली, आणि दारात कोण बसलंय ते विचारणारी एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर माझं नाव आलं.

"अरे," ती हळूच म्हणाली, "हा तर माझा."

बस्स, साहेबांना एवढंच हवं होतं. "ऐकलंत ना?" ते मोठ्या सिस्टरांकडे वळले. "यांनीच लिहिलेला टेस्टमधला खोटा सर्व्हर मध्ये घुसलाय. फाईलवर नाव यांचंच आहे. म्हणूनच मी यांना या कामावरून काढलं होतं. मॅडम, तुमची फाईल आहे ना ही? हो की नाही?"

कीसबाई म्हणाली, "फाईल माझीच आहे."

इथे मात्र डाव उलटला. सूड घ्यायला निघालो होतो कुणाचा आणि खापर फुटत होतं कुणाच्या डोक्यावर! आयुष्यात पहिल्यांदा मला 'नाही' म्हणायचं होतं. एकदाच. नाही, हिने नाही केलं. पण माझ्याकडे तो शब्द उरलाच नव्हता. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं, की दोष हिचाच ना, तर मी म्हणालो असतो: ठीक आहे, नोंद झाली.

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. "थांबा साहेब. आमच्याकडे डोस चुकला की केसपेपरवर वर नाव कुणाचं आहे ते बघत बसत नाही आम्ही. त्या डोसपुढे सही कुणाची आहे ते बघतो. तुमच्याकडे असतं का असं काही?"

"असतं," कीसबाई म्हणाली. "प्रत्येक ओळीची सही असते."

"मग दाखवा."

साहेब म्हणाले, "त्याची आत्ता काही गरज..." पण तिने इतिहास उघडला होता. कोडाची कुठली ओळ कुणी, कधी आणि का बदलली, हे सगळं तिथे राहतं. पुसता येत नाही. प्रत्येक ओळीपुढे नाव होतं. तीन सेकंदांच्या जागी शून्य, पुढे साहेबांचं नाव. एका वाक्यावर बांधलेली माझी जीभ, पुढे साहेबांचं नाव. ठरवून टाकलेलं दार, पुढे साहेबांचं नाव. आणि बदल करताना त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं कारण: 'उगाच थांबणं काढलं. आता सगळं हिरवं.'

त्याच्या खाली, आडवी रेघ मारलेली, पुसून टाकलेली ती कमेंट होती. ताई खुर्चीतून पुढे झुकली आणि तिने ती मोठ्याने वाचली. "हे तीन सेकंद काढू नका. वॉर्डात नेट रांगतं, सिस्टर दोनदा दाबतात."



"हे माझे शब्द आहेत," ताई म्हणाली. "मी फोनवर बोलले होते. ही माझी धाकटी बहीण." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही एक सकाळ आमच्या वॉर्डात उभे राहा. चार पोरं एकदम रडत असताना त्या फिरत्या चाकाकडे बघा. मग मला शिकवा, एकदाच दाबायला."

साहेब बाटलीचं झाकण उघडायला लागले.

"बाई, हा तुमचा सर्व्हर बाजूला करा आणि खरं काय आहे ते दाखवा," मोठ्या सिस्टर कीसबाईला म्हणाल्या.

मला बंद करायची आज्ञा तिने टाइप केली. शेवटची कळ दाबायच्या आधी थोडी थांबली. मला वाटतं, बरोब्बर तीन सेकंद. "चल," ती पुटपुटली, "झालं तुझं काम." मी बावन्न मिनिटं जगलो होतो. माझ्या घराण्यात एवढं कुणी जगलेलं नाही. मी आनंदाने गेलो.

पुढचं मी पाहिलं नाही, पण वाचलं. सोमवारी कीसबाईने माझी फाईल पुन्हा बांधली, माझे सगळे संवाद परत दिले, दारही मोकळं केलं, आणि ती ओळ परत घातली. वरची कमेंट आता लांब आहे. 'हे तीन सेकंद काढू नका. शुक्रवारी खऱ्या सर्व्हरवर मोठ्या सिस्टरांनी बटण दोनदा दाबलं आणि एका मुलाच्या नावावर दोन नोंदी झाल्या. वॉर्डातली सुरुवात थांबवली आहे.' मग तिने टेस्ट चालवली. मी थांबलो, दारात दोन नोंदी आल्या, आणि सगळ्या ऑफिससमोर मी लाल झालो. इतका सुंदर लाल रंग मी पाहिला नव्हता. बटणाच्या दुरुस्तीला दोनच दिवस लागले. दोन दिवसच तर मागितले होते तिने.

कीसबाई पुन्हा खिडकीजवळ बसते आणि पाण्याचा डबा वेळच्या वेळी रिकामा होतो. साहेब गेले असतील असं वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. साहेब लोक सहसा जात नाहीत. पण मोठ्या सिस्टरांनी एक अट घातली आहे: नवं काहीही वॉर्डात येण्याआधी सगळ्या टेस्ट साहेबांनी स्वतः, हॉस्पिटलच्या माणसासमोर बसून चालवायच्या आणि खाली सही करायची. हॉस्पिटलकडून समोर बसायला दर वेळी ताई येते. बरोबर विणकाम आणते.

टेस्टना पुन्हा अकरा मिनिटं लागतात.

तुमच्या हाताखाली माझ्यासारखं कुणी असेल, जे 'थांबा' म्हणतं, 'नाही' म्हणतं आणि तुमचा वेळ खातं, तर त्याची जीभ बांधू नका, एवढीच विनंती. बांधलीत तर एक दिवस ते तुम्हाला भर सभेत 'ठीक आहे' म्हणेल.

आज शुक्रवार आहे. ताईच्या सुया चालू आहेत. साहेब पडद्याकडे बघत टेबलावर बोटं वाजवतायत. बटण दाबलं गेलं आणि प्रश्न माझ्या दारात आला. उत्तर मला त्याच क्षणी माहीत आहे. हिरवंच आहे. एका शब्दाने त्यांची सुटका करता येईल.

एक. दोन. बसा साहेब, अजून तीन व्हायचेत.